कोऱ्या कागदावरची सही

नांदखेडे, ता. चोपडा
दि. ९ डिसेंबर १९९६

ती. भाऊ,
सविनय जयभीम वि. वि.

दसऱ्याला हिंगणीला येऊन गेलात, त्यानंतर तुमचं पत्र नाही. धुळे आगारातला हेडक्लार्क रिटायर झाला आणि पेनातली शाईही आगारातच ठेवून आला की काय? वहिनींच्या डोळ्याची पट्टी निघाली का ते कळवा. इकडे सगळे बरे आहेत. यांचा खोकला बसला, पण विडी काही सुटत नाही.

आता मुद्द्याचं सांगते, हसू नका. आपला जिल्हा परिषदेचा गट यंदा अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघाला आणि मी उभी राहणार आहे. पक्षाचं तिकीट मागणाऱ्या आम्ही दोघी. एक मी, दुसरी हिंगणीची रुक्माबाई, म्हणजे तुमच्या जीवरामभाऊंची बायको. बाई गरीब आहे, तिच्याबद्दल माझं काही नाही. पण खुर्चीत जीवरामभाऊ बसणार आणि ती मागे उभी राहणार, हे शेंबडं पोरही सांगेल. तिकीट कुणाला ते पक्षाचा निरीक्षक ठरवणार आहे. आठ जानेवारीला चोपड्याच्या विश्रामगृहावर मुलाखती आहेत आणि सोबत पाठिंब्याची पत्रं मागितली आहेत.

कशासाठी हा उपद्व्याप, असं विचाराल. आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत तीन वर्षांपासून बांधून तयार आहे. नर्स नाही, कुलूप आहे, आणि आत जीवरामभाऊंच्या कृषी केंद्राच्या खताच्या गोण्या आहेत. श्रावणात माझ्या शेजारच्या द्रौपदाबाईची सून केळीच्या ट्रॅक्टरमध्ये बाळंत झाली, चोपड्याच्या अलीकडे चार किलोमीटरवर. मूल गेलं. मी ट्रॉलीत तिचा हात धरून बसले होते. ते कुलूप मला उघडायचं आहे, एवढंच.

हिंगणी माझं माहेर, पण तिथले लोक म्हणतात की आधी भटूभाऊचं पत्र आण, मग बोलू. समता मंडळाचे अध्यक्ष तुम्ही. मंडळाच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून पाठवा. बहिणीने आजवर भाऊबीजेलाही काही मागितलं नाही, हे लक्षात असू द्या.

वहिनींना जयभीम. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
लिला


धुळे
दि. १५ डिसेंबर १९९६

चि. सौ. लिलास,
भटूचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोचले. तुझ्या वहिनीला वाचून दाखवले, तर तिने पट्टी काढलेल्या डोळ्याने माझ्याकडे असे पाहिले की ऑपरेशन नक्की यशस्वी झाले. ती म्हणाली की लिलाबाई उभी राहते आणि तुम्ही अजून कागद शोधताय.

पण पोरी, राजकारण म्हणजे चिखल आहे. साक्षरता वर्गात बायकांना शिकवतेस, गावात मान आहे, त्यात काय कमी आहे? पाहुण्यांनी तुला अडवले नाही याचेच मला नवल वाटते.

शिवाय माझी अडचण तुला ठाऊक आहे. चोपड्याला मी शिकत होतो तेव्हा दोन वर्षे जीवरामच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली. त्याची सायकल मी वापरायची आणि त्याने पायी जायचे. अशा माणसाच्या बायकोविरुद्ध पत्र कसे देऊ? आणि सख्ख्या बहिणीविरुद्ध तर त्याहून नाही. तेव्हा मी असे ठरवले आहे की मी कुणालाच पत्र देत नाही. दोघींनाही माझ्या शुभेच्छा. भाऊ तटस्थ राहिला तर बहिणीने रुसू नये.

थंडी फार आहे, कानाला बांधून फिरत जा. मुलांना आशीर्वाद. मोठ्या भावावरचा विश्वास ढळू देऊ नकोस.

तुझा,
भटू


नांदखेडे
दि. २६ डिसेंबर १९९६

ती. भाऊ,
जयभीम.

तुमचं पत्र पोचलं. म्हटलं, भाऊ दोन डगरींवर हात ठेवतो आहे, ठेवू दे, मन मोठं करावं. काल चोपड्याच्या बाजारात गेले तर भाजीवाल्या बाईने माझ्या हातात एक झेरॉक्स ठेवली. गटातल्या अकरा गावांत वाटली आहे म्हणे. सोबत जोडते आहे, म्हणजे तुम्हाला आठवायला त्रास नको.

समता मंडळाचं लेटरहेड आहे. टाइप केलेला मजकूर आहे की मंडळाचा आणि संपूर्ण हिंगणी गावाचा पाठिंबा सौ. रुक्माबाई यांना आहे. पुढे लिहिलं आहे की माझी भगिनी लिलाबाई हिची घरगुती कारणांमुळे निवडणूक लढवण्याची इच्छा नाही, तरी कोणीही गैरसमज करून घेऊ नये. खाली तुमची सही आहे. ट चं शेपूट तुम्ही कसं ओढता ते मी लहानपणापासून बघत आले आहे, ती सही दुसऱ्या कुणाची नाही.

भाऊ, कोणती घरगुती कारणं? मला सांगायला विसरलात का? विरुद्ध पत्र दिलं असतंत तर मी रडले असते आणि विसरले असते. पण मला पंधरा तारखेला तटस्थ म्हणून लिहायचं आणि इकडे माझ्या तोंडून नाही म्हणवून घ्यायचं, हे मला फार लागलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून ओरडताही येत नाही.

यांनी झेरॉक्स बघितली आणि एवढंच म्हणाले की आता तर उभीच राहा. मी राहणार आहे. तुमच्याकडून पत्र नको. वहिनींच्या डोळ्यात औषध घालत जा.

लिला


धुळे
दि. ३० डिसेंबर १९९६

चि. सौ. लिलास,
आशीर्वाद.

झेरॉक्स पाहिली. सही माझीच आहे. मजकूर माझा नाही. हे कसे, ते सांगतो, मग तुला काय म्हणायचे ते म्हण.

दसऱ्याच्या दिवशी हिंगणीहून निघताना एसटी फाट्यावर येऊन उभी होती. जीवराम धावत आला. समाजमंदिराला वीज घ्यायची आहे, अर्ज चोपड्यात टाइप करून घेतो, तुझ्या सहीसाठी पुन्हा धुळ्याला कोण येणार, असे म्हणाला. त्याच्या हातात मंडळाची तीन कोरी लेटरहेडे होती. मी एसटीच्या पायरीवर कागद गुडघ्यावर ठेवून तिन्हींवर सह्या केल्या. आपल्याकडे असेच चालते. आगारातही साहेब दौऱ्यावर निघाले की कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवत. मला त्यात काही वावगे वाटले नाही. वीज अजून आलेली नाही, हे आता कळते.

मला लाज वाटते. पण लिला, हे चारचौघांत कसे सांगू? जीवरामला लबाड म्हणायचे तर त्या भाकरीची आठवण येते. आणि स्वतःचे सांगायचे तर चौतीस वर्षे सरकारी कागद हाताळलेला माणूस कोऱ्यावर सही करतो, हे ऐकून लोक हसतील. त्यापेक्षा मी तुला वेगळे पत्र देतो, माझ्या हस्ताक्षरात. ते पत्रही असू दे, हेही असू दे. निरीक्षकाला काय समजायचे ते समजेल. जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार?

राग धर, पण बोलणे टाकू नकोस.

तुझा,
भटू


नांदखेडे
दि. ४ जानेवारी १९९७

ती. भाऊ,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचं पत्र आलं आणि निम्मा राग उतरला. तुम्ही फसलात, फसवलं नाहीत. तेवढं कळलं तरी मला जेवण गोड लागलं. उरलेला निम्मा राग मात्र आहे. एका नावाची दोन पत्रं एका टेबलावर गेली तर दोन्ही रद्दी. तुमचं दुसरं पत्र पाठवू नका. पहिलं तुमचं नाही, हे सांगता आलं तर सांगा. नाही आलं तर तुमच्या मनाला विचारा. मी धरून बसणार नाही.

मी माझी सोय केली आहे. साक्षरता वर्गातल्या बायका, चार गावांच्या मिळून दोनशे सहा, त्यांच्या सह्या घेते आहे. अंगठा एकही नाही. पण भाऊ, काय ताप आहे म्हणून सांगू! वर्गात मी पहिल्याच दिवशी शिकवते की वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि कोऱ्यावर तर मेलं तरी नाही. आता ते माझ्याच अंगावर आलं. प्रत्येक जणी पाठिंब्याचा कागद पहिल्यापासून बोट ठेवून वाचते. एकीला अर्धा तास लागतो. तोवर चुलीवरची डाळ करपते ती वेगळीच.

द्रौपदाबाईने तर सहीच अडवली. मी लिहिलं होतं की लिलाबाई गावासाठी अहोरात्र झटतात. ती तिथे थांबली आणि म्हणाली की रातले तू ते झोपी जास, मी शेजारलेच राहस, मंग हाई खोटं कसाले लिखं? अहोरात्र खोडलं, तेव्हा तिने सही केली. सून बाजूला बसली होती, तिनेही केली. तिची सही वाकडी आली, पण पूर्ण आली.

झेरॉक्सचं त्यांना सांगावंच लागलं. द्रौपदाबाईने विचारलं की तुना भाऊ ते शिकेल शे ना, मंग कोरा कागदवर सही कशी करी? तो प्रश्न तुमचा आहे, म्हणून तुम्हालाच पाठवते.

बुधवारी सकाळी अकराला चोपड्याला मुलाखत आहे. माया कमी करू नका, मीही करणार नाही.

तुमची,
लिला


नांदखेडे
दि. २२ जानेवारी १९९७

ती. भाऊ,
सविनय जयभीम वि. वि.

मुलाखतीच्या बुधवारी तुम्ही चहासुद्धा न घेता मागच्या फाटकाने निघून गेलात. मी बाहेर धावत आले तर एसटीचा धुरळाच दिसला. दोन आठवडे झाले, धुळ्याहून एक ओळ नाही, म्हणून मीच लिहिते.

तुम्ही आलात हेच मला खरं वाटत नव्हतं. पहाटेच्या गाडीने, अमळनेरवरून, तो दुखरा गुडघा घेऊन. जीवरामभाऊंनी फाइल उघडली आणि मागच्या रांगेतून तुम्ही उठलात. सही माझी, मजकूर माझा नाही, मी कोऱ्या कागदावर सही केली, म्हणून पहिली चूक माझी, दुसरी ज्याने लिहिलं त्याची, असं तुम्ही म्हणालात. दोघं-तिघं हसले. तुमचे कान लाल झालेले मला दिसले. तरी तुम्ही बसला नाहीत, निरीक्षकाने कागद फाइलीतून काढेपर्यंत उभे राहिलात. भाऊ, आपला बाप गेला तेव्हाही मी तुम्हाला इतकं ताठ उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. मला तुमचा फार अभिमान वाटला, हे लिहून ठेवते, कारण तोंडावर मला सांगता येणार नाही.

आता पुढचं. काल यादी आली. तिकीट रुक्माबाईलाच मिळालं. निरीक्षक म्हणे खासगीत बोलला की या बाईकडे दोनशे सह्या आहेत, पण त्यात वजनदार माणूस एकही नाही. वजनच हवं असेल तर त्याने आमच्या डोक्यावरचा चाऱ्याचा एक भारा उचलून बघावा.

पण तुमचं बोलणं वाया गेलं नाही. हिंगणीत चर्चा अशी पेटली की जीवरामभाऊंनी परवा उपकेंद्रातल्या गोण्या मुकाट्याने हलवल्या. आत झाडू मारताना द्रौपदाबाई रडली, आणि मीही. नर्स अजून नाही. ती जिल्हा परिषदेतूनच यायची, म्हणून जिल्हा परिषदेत जावंच लागणार. मी अपक्ष उभी राहते आहे. वर्गातल्या बायकांनी तसं ठरवलं आणि यांनी सायकलला भोंगा बांधून द्यायचं कबूल केलं.

उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून याच गटातला मतदार लागतो. हिंगणीच्या यादीत तुमचं नाव अजून तसंच आहे, ते धुळ्याला न्यायचा तुम्ही आळस केलात म्हणून. जीवरामभाऊंच्या भाकरीचं मला माहीत आहे, म्हणून गळ घालत नाही. यावंसं वाटलं तर तीन तारखेला चोपड्याच्या तहसीलला या. आला नाहीत तर वर्गातली कुणीही सही करील, अडणार नाही. पण मला तुमची हवी आहे.

वहिनींना जयभीम. जे काय ठरवाल त्यात माझी माया आहेच.

तुमची,
लिला


धुळे
दि. २७ जानेवारी १९९७

चि. सौ. लिलास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

लिहिले नाही, कारण लोकांच्या हसण्याचा आवाज कानातून जात नव्हता. तुझे पत्र आले आणि तो गेला.

काल जीवरामला पत्र टाकले. तुझ्या आईच्या भाकरीला मी जन्मभर विसरणार नाही, पण ती भाकरी माझ्या बहिणीच्या नावावर खोटे लिहिण्यासाठी नव्हती, असे लिहिले. उरलेली दोन सही केलेली लेटरहेडे परत मागितली आहेत. देईल किंवा न देईल. न दिली तर तेही चारचौघांत सांगेन, आता सवय झाली आहे.

द्रौपदाबाईंना सांग की त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी बरेच दिवस शोधले. शिकलो होतो, पण सही करणे म्हणजे मोठेपणा आणि आधी वाचणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास, असे आम्ही शिकलेल्यांनी ठरवून टाकले होते. याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

तीन तारखेला पहिल्या गाडीने येतो. तुझी वहिनीही येणार म्हणते, तिला आता दूरचेही दिसते. अर्ज माझ्या हातात दे. मी तो तहसीलच्या पायऱ्यांवर उभा राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचीन. द्रौपदाबाईंनी मान हलवली की मग सूचकाच्या जागी सही करीन. त्यांना काही खोडायचे असेल तर आधी खोडू दे. तोवर पेन माझ्या खिशात राहील.

पाहुण्यांना म्हणावे, भोंग्याची तार तपासून ठेवा. भावाला सांभाळून घेतलेस, असेच घेत जा.

तुझा भाऊ,
भटू

ता. क. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि मग सही केली.