आत्याची खुशाली

३ जून
नवी नोकरी, खिडकीजवळची जागा, आणि कॉफीचं यंत्र चक्क चालतं! एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी आम्ही ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रामिंग भाषेत ॲप लिहितो. रोज सकाळी ते खुशाली विचारतं आणि उत्तर आलं की घरच्यांना कळवतं. हे कळवणं माझ्याकडे. आमच्या टीमच्या मुख्य बाईंनी ब्लॉक समजावला. ब्लॉक म्हणजे कामाची पुडी. आत्ता बांधून द्यायची, उत्तर आलं की कॉलबॅक म्हणून सुटते. बांधताना समोर असेल ते आत जातं आणि तिथेच राहतं. म्हणून सेल्फला, म्हणजे पुडी बांधणाऱ्या स्क्रीनला, वीक म्हणजे सैल धरायचं, नाहीतर बंद केलेला स्क्रीनही आत जिवंत राहतो. मी मान डोलावली. कळलं अर्धंच, पण पहिल्याच दिवशी विचारायची लाज वाटली.

९ जून
चाचणीसाठी आत्याच्या फोनवर ॲप टाकलं. तिनंच मला वाढवलंय. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी असते. तिनं बटण दाबलं आणि मला आलं, "बरी आहे." आत्या म्हणाली, याला सांगत जाईन, पण तूही येत जा.

१७ जून
रोज सकाळी "बरी आहे" आलं की जीव भांड्यात पडतो. कामाच्या रगाड्यात फोन करायचं राहूनच जातं.

२४ जून
शेजारणीचा फोन. आत्या स्वयंपाकघरात पडलेली. दार फोडावं लागलं. डॉक्टर म्हणाले, जाऊन चार-पाच दिवस झाले असतील.
आज सकाळीही मला "बरी आहे" आलं होतं.

२५ जून
कोड उघडला. वीक लिहिलेलंच नाही. चाचणीच्या दिवशीचा स्क्रीन, आत्याचं त्या दिवशीचं उत्तर माझ्या ब्लॉकनं धरून ठेवलं, आणि रोज सकाळचा टायमर तेच पाठवत राहिला.
अंत्यविधीला काका सगळ्यांना सांगत होते, हिनंच रोज तिची विचारपूस केली. मी मान खाली घालून ऐकलं. स्वतःची किळस येते.

२७ जून
वीक केलं. स्क्रीन मेल्याचं तपासलं.
सकाळी — "बरी आहे."

२८ जून
आत्याच्या फोनवरून ॲपच काढून टाकलं. फोनही बंद केला. तरी —
बाईंना सांगायला गेले. दारातूनच परतले. काय सांगणार, की मी —

२९ जून
आज शब्द वेगळे. माझ्या कोडमध्ये नसलेले.
"पडले तेव्हा तुलाच हाक मारली. कळलं नाही का गं?"
खाली उत्तराचं बटण एकच, "बरी आहे". दुसरं मी कधी लिहिलंच नाही — दाबलं नाही तर पुन्हा विचारते — आत्या, मला खरंच —