शेवटची सोळा पानं

मोरोगोरो, ४ जून १९८३

ती. पेर्पेतुआताईस,
थादेईचा सा. न. वि. वि.

पुस्तक छापून आलं. ‘कोबीच्या मळ्यातलं प्रेत’, माझं चौथं. आनंदाची बातमी इथेच संपली.

कागद मिळेना म्हणून सात महिने थांबलो. आठवडाभर कोर्टात लोकांचे जबाब टाइप करायचे आणि शनिवारी बस पकडून दार-एस-सलामच्या छापखान्याच्या पायऱ्या झिजवायच्या. अखेर प्रती हातात आल्या. आपल्या गावाने आधी वाचावं या हौसेने निम्म्या प्रती मी न उघडताच म्गेटाच्या बसवर चढवल्या. घरी येऊन एक चाळली, तर पुस्तक एकशेबाराव्या पानावर संपतं. शेवटची सोळा पानं छापलेलीच नाहीत, एकाही प्रतीत नाहीत.

छापखानेवाल्याला गाठलं. पान खाल्ल्यासारखा तोंड हलवत तो म्हणाला की कागद संपला, आणि एवढं वाचल्यावर खुनी कोण हे शहाण्या माणसाला कळतंच. काय कळणार, कपाळ? एकशेबाराव्या पानावर इन्स्पेक्टर म्बेगा मेलेल्या बाईच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि आता सगळं सांगून टाका म्हणतो. पुढच्या पानावर नवरा निर्दोष ठरतो. ते पान छापखान्यातच राहिलं.

दवाखान्यात येणाऱ्याजाणाऱ्यांना तू एवढं सांग की गोष्ट अपुरी आहे. बाकी ठीक. तुझी माया आहे तशी राहू दे, सध्या तिच्यावरच तग धरून आहे.

तुझा भाऊ
थादेई

म्गेटा, १५ जून १९८३

चि. थादेईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधी तुझं पुस्तक पोचलं. ज्यांना वाचता येतं त्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवलं आणि आठ दिवसांत गावाने निकाल लावून टाकला.

मी तुला एकच विचारते. तुझ्या गोष्टीतला नवरा सुतार का? आणि सुतार तर सुतार, पण लंगडा कशाला? या डोंगरात लंगडा सुतार एकच आहे आणि तो आपला दाजी आहे. आपली बहीण फेलिस्ता जाऊन चार वर्षं झाली. ती तापाने गेली, माझ्या मांडीवर गेली, मी नर्स आहे आणि मला ताप कळतो. हे मी पोम्बेच्या गुत्त्यापासून चर्चच्या दारापर्यंत सांगत फिरते आहे. लोक मान डोलावतात आणि म्हणतात की सख्खा मेहुणा उगीच का छापेल.

बोनिफास दाजींना वाचता येत नाही. पहिले काही दिवस त्यांना कळेचना की दिलेली पलंगाची कामं लोक परत का नेताहेत. शेवटी मीच सांगितलं. ते रंधा मारत राहिले.

आणि ऐक. फेलिस्ताची ओदिलिया काल चटई गुंडाळून माझ्याकडे राहायला आली. पंधरा वर्षांची पोर. मला विचारते की आई खरंच तापाने गेली का, का तुम्ही सगळे बाबांना सांभाळून घेताय. मी सांगितलं, पण माझ्या सांगण्यापेक्षा तिला तुझी छापील अक्षरं मोठी वाटतात.

रागाने लिहिते आहे, पण तुझी काळजीही वाटते. जेवत जा वेळेवर.

तुझी ताई
पेर्पेतुआ

मोरोगोरो, २४ जून १९८३

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. माझ्या मनात दाजींबद्दल काही नाही, हे तुला तरी पटावं. सुतार कसा बसतो, लाकडाकडे कसा बघतो, हे मी एकाच माणसाचं पाहिलं आहे. हवेतून माणूस उभा करणं मला जमत नाही. पाय तरी बदलायला हवा होता, हे आता कळतं आहे.

छापखान्यात पुन्हा गेलो. कागद नाही. सरकारी कचेरीत अर्ज केला, तर तिथल्या साहेबाने विचारलं की शाळांना वह्या नाहीत आणि तुम्हाला खुनासाठी कागद हवा का. शेवटी इथल्या चर्चच्या सायक्लोस्टाइलसाठी फादरांकडे गेलो. ते म्हणाले की या यंत्रावर आजवर फक्त प्रार्थना निघाल्या आहेत, आधी वाचायला द्या. वाचून म्हणाले की शेवट बरा आहे, पण सहकारी सोसायटीच्या वजनकाट्यावरचा कारकून इतक्या सहज गुन्हा कबूल करणार नाही. आता फादरही टीका करायला लागले.

गेल्या वर्षीच्या उपासाच्या वेळापत्रकांच्या कोऱ्या पाठी त्यांनी दिल्या आहेत. त्यावर सोळा पानं काढतो आणि बसने पाठवतो. घरोघर वाट, म्हणजे तोंडं बंद होतील.

ओदिलियाला काय सांगू ते सुचत नाही. माझ्यावर रुसलीस तरी पत्र थांबवू नकोस.

थादेई

म्गेटा, २ जुलै १९८३

चि. थादेईस आशीर्वाद.

पानं पाठवू नकोस. घेऊन स्वतः ये आणि सगळ्यांदेखत वाच. घोळ तू घातलास, माझ्या हाताने निस्तरू नकोस. रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर माणसं जमतात. दुपारी मक्याची उगाली माझ्याकडे खा.

पेर्पेतुआ

मोरोगोरो, १९ जुलै १९८३

ती. ताईस सा. न. वि. वि.

न सांगता पहाटेच्या बसने निघून आलो, रागावू नकोस. पुन्हा कुणाला तोंड दाखवायची इच्छा नव्हती.

तू पुढेच बसली होतीस, सगळं ऐकलंस. तासभर उन्हात वाचलं, घसा बसला. कारकुनाने कबुली दिली, नवरा सुटला. आणि वाचून झाल्यावर तो कोबीवाला म्हातारा उठून काय म्हणतो, तर मेहुण्याला वाचवायला नवा शेवट जोडून आणला आहे, पहिलंच खरं होतं. सगळे हसले. आधी मी लिहिलं ते खोटं होतं आणि त्यांनी खरं मानलं. आता मी खरा शेवट वाचला तर तो खोटा. दाजी तेवढ्यात मागच्या मागे निघून गेले. ओदिलिया तर आलीच नाही.

पाचव्या पुस्तकाची वही बांधून माळ्यावर टाकली. मला हे जमत नाही, ताई. कोर्टातले जबाब टाइप करणं बरं, तिथे निदान सही दुसऱ्याची असते.

थादेई

म्गेटा, २८ जुलै १९८३

चि. थादेईस अनेक आशीर्वाद.

गाव अजून तेच म्हणतं. ते तू सोडून दे, पुढचा विषय मिळाला की तेही सोडतील.

तू ठेवून गेलेली पानं ओदिलियाने सोमवारी दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचली. मग आत आली आणि विचारलं की सुटका झाल्यावर नवरा इन्स्पेक्टरला जे विचारतो, शेवटी तिला पाणी मिळालं होतं का, ते मामाला सुचलं कुठून. मी सुया उकळत होते. त्या तशाच ठेवून तिला जवळ बसवलं.

ते मीच तुला कळवलं होतं, फेलिस्ता गेली तेव्हा. दाजी औषधासाठी डोंगर चढून पलीकडच्या मिशनला गेले होते, त्या पायाने. परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, तिला पाणी मिळालं होतं का. मी हो म्हणाले. त्यानंतर त्यांनी तिचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही. पोरीला वाटत होतं की बाबांना काही वाटलंच नाही. हे आम्ही कुणी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. संध्याकाळी मी घरी आले तर तिची चटई जागेवर नव्हती.

आता ती रोज त्यांना तुझं पुस्तक पहिल्या पानापासून वाचून दाखवते. काल मी गेले तेव्हा तिसरं प्रकरण चाललं होतं. दाजींनी तुला निरोप दिला आहे, जसाच्या तसा लिहिते. प्रेताच्या पेटीला तू सागाच्या फळ्या लावल्या आहेस. म्गेटात पेटीला साग कुणी वापरत नाही, परवडतही नाही. पुढच्या पुस्तकात लाकडाचं काही असेल तर लिहिण्याआधी त्यांना विचारायचं.

तेव्हा वही माळ्यावरून काढ. आम्हा तिघांचा लोभ आहेच.

तुझी ताई
पेर्पेतुआ