एकाच बिंदूतून दोन रेघा

१२ जाने. २०१२
स्टाफरूममध्ये शिरले तोच वैद्य सरांनी फोटो पुढे केला. "शबाना, बघ! जोडी!"
करंजाड्याच्या फ्लॅटवर सरांनी काचेच्या टाकीत क्लाउड चेंबर केलाय. अल्कोहोलच्या थंड वाफेत कण गेला की पांढरी रेघ उमटते. फोटोत एकाच बिंदूतून दोन रेघा. चुंबकामुळे एक डावीकडे वळलेली, एक उजवीकडे. गॅमा किरण अणुकेंद्राजवळ संपला, तिथेच इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन. प्रकाशाचा पदार्थ! किरणाची स्वतःची रेघ उमटत नाही, त्यामुळे दोघं जणू शून्यातून आलेले.
बी.एस्सी.ला हे सरांनीच शिकवलं होतं. काटा आला.

१४ जाने.
फोटो मोठा करून पाहिला. नसता पाहिला तर बरं झालं असतं.
डावी रेघ कोरीव, उजवी पसरट. रेघ जुनी झाली की पसरते. एका क्षणी जन्मल्या तर एक जुनी कशी? की दोन वेगळेच इलेक्ट्रॉन, एक येणारा, एक जाणारा म्हणून वळणं उलटी, नुसते टोकाला टोक?

१७ जाने.
विचारलं. सर म्हणाले, "वाफ सगळीकडे सारखी नसते गं."
तेही खरंच.
"व्हिडिओ असेल ना?"
"कार्ड फॉरमॅट झालं."
इतकं हाती लागल्यावर कार्ड कोण पुसतं?

१९ जाने.
प्रदर्शनासाठीचं पोस्टर छापून आलं. सरांच्या नावाखाली माझंही नाव. न विचारता. मेहरबानी, की साक्षीदार हवाय?
अम्मीला सांगितलं. "उस्तादावर शक? तौबा कर."

२४ जाने.
अलिबागला प्रदर्शन. परीक्षक बाईंनी नेमकं मलाच विचारलं, "हे घडताना तुम्ही पाहिलंत?"
सर माझ्याकडे बघत होते.
"नाही. सरांनी पाहिलं."
बाईंनी काहीतरी लिहिलं, पुढे गेल्या.
परतीच्या एस.टी.त वडखळ गेल्यावर सर माझ्याकडे वळले. मग, "हो म्हणाली असतीस तर?"
"खोटं कसं बोलू, सर?"
"खोटं बोल कुठे म्हटलं? विश्वास ठेव म्हणत होतो."
पनवेल स्टँडवर उतरताना म्हणाले, "सोमवारी टाकी थंड करायला ड्राय आइस आणतोय. येशील?"
येते म्हटलं. कॅमेरा मी आणीन, हेही म्हटलं.
सर हसले असावेत, अंधारात नीट दिसलं नाही.