गब्दुलचे पॉइंट

दि. ४ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

तुम्हा दोघांचे कागद वकिलाकडे जाऊन पडलेत, तेव्हा सूनबाई हा शब्द आता चालतो की नाही ते मला ठाऊक नाही. दुसरा सापडेना. चालत नसेल तर खोडून टाक आणि पुढचं वाच, कारण पुढचं निकडीचं आहे. आपला गब्दुल बंद पडलाय.

किल्ली फिरवली की इंजिन गरागरा फिरतं, पण पेटत नाही. मेकॅनिक येऊन गेला. झाकण उघडून पॉइंट जळालेत म्हणाला, आणि एवढ्याशा ट्रॅक्टरचे पॉइंट बसवणारी माणसं आता राहिली नाहीत, भंगारात काढा, हवं तर मीच नेतो, असंही म्हणाला. चहा पिताना त्याची नजर गब्दुलवरून हलत नव्हती. मी काय दूधखुळी आहे? आपले चिरंजीव म्हणतात नवीन घेऊ. त्याला कुठल्याही गोष्टीवर तेवढं एकच औषध माहीत आहे. जाऊ दे, बोलून गेले.

रोपवाटिकेतल्या कुंड्या मी ढकलगाडीवरून वाहते आहे आणि पाठीचे टाके ढिले झालेत. गब्दुलने कापायचं शाळेच्या मैदानावरचं गवत गुडघ्याला लागतंय. मुख्याध्यापिकाबाईंनी गोड शब्दांत सांगितलं की या महिन्यात कापलं नाही तर त्या दुसऱ्या कोणाला बोलावतील.

शेडमध्ये तुझ्या फळीवर नव्या पॉइंटांचं खोकं आणि हत्यारं तू ठेवलीस तशीच आहेत. कसे बसवायचे ते सविस्तर लिही. घरात तुझं नाव काढायचं नाही असं न बोलता ठरून गेलंय, म्हणून फोनवर बोलता येत नाही. पत्राला कोणी बंदी केलेली नाही.

कळावे. जो काही लोभ उरला असेल त्यातून उत्तर पाठव.

तुझी,
आई

*

दि. १० फेब्रुवारी

ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गॅरेजच्या मालकांनी काळ्या बोटांनी माझ्या हातात दिलं, त्यामुळे पाकिटावर आता एक अंगठा आहे. शब्द खोडला नाही. गब्दुलची बातमी वाचून मात्र लगेच लिहायला बसले.

आधी प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल. बाजूच्या छोट्या झाकणाखाली दोन बारक्या टिकल्या समोरासमोर दिसतील, तेच पॉइंट. चिकटलेल्या टिकल्या एकमेकींपासून सुटतात त्या क्षणी ठिणगी पडते, त्यामुळे त्या किती सुटतात यावर सगळा खेळ. जुन्यांची वायर सोडवा, स्क्रू काढा, नवे तसेच बसवा, पण स्क्रू जरा ढिला ठेवा. मग मोठं चाक हळूहळू फिरवत राहा आणि टिकल्या सर्वांत लांब जातील तिथे थांबा. आधी मोजाल तर माप चुकेल. फिलर गेजमधली, म्हणजे फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातली, वीस नंबरची पात मध्ये घाला. ती आत जायला हवी, पण जाताना किंचित अडायला हवी. तशी आली की स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना माप हमखास सरकतं. मग झाकण, मग प्लग, मग किल्ली. तुम्हाला जमेल. तुमच्या हाताला माझ्यापेक्षा धीर जास्त आहे.

माझं बरं चाललंय. मालकांनी महिनाभर पारखून बघतो म्हणून ठेवून घेतलंय. जुनी गवतकापणी यंत्रं पॉइंटवर चालतात, ती इथे कोणालाच जमत नाहीत, आणि मी छातीठोकपणे सांगितलं की मला येतात. गॅरेजच्या मागे खोली दिली आहे. खिडकीतून जुन्या टायरांचा ढीग दिसतो, पण खोली माझी आहे. ही नोकरी टिकली नाही तर भावाकडे जावं लागेल. वहिनी फार चांगली आहे हो. तिचा चांगुलपणा घेऊन घेऊन मान वर करता येत नाही, एवढंच.

एक विनंती आहे. गब्दुल सुरू झाला की आपला पत्रव्यवहार थांबू द्या. उद्या तुमच्या घरात दुसरी कोणी येईल. सासूच्या नावाने आधीच्या सुनेची पत्रं येताना तिने का बघावीत? तुमचं अक्षर पाहून मला फार बरं वाटलं, म्हणूनच हे वेळीच सांगते.

गब्दुलला थोपटा. आपला आशीर्वाद मागणारी,
आपली सून (तोवर)

*

दि. १५ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

कंसातला तोवर मी खोडला. खोडायचं असेल तर दोघींना खोडता येतं.

तुझं पत्र समोर टांगून सगळं केलं. एक स्क्रू मातीत पडला, तो शोधायला झाडू मारला, आणि स्क्रूबरोबर दोन वर्षांपूर्वी हरवलेली कात्री सापडली. नव्या टिकल्या बसवल्या. चाक फिरवून सर्वांत लांबचं ठिकाण गाठलं. पात घातली, आवळलं, पुन्हा मोजलं, सरकलं होतं. परत सगळं केलं. शेवटी पात अशी अडत गेली की मला स्वतःचाच अभिमान वाटला. आणि किल्ली फिरवली तर जैसे थे. दगडाला घाम फुटेल, पण गब्दुलला ठिणगी फुटणार नाही.

मी तू लिहिलंस तसंच केलं, अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. मग चुकलं कुठे? परवा मुख्याध्यापिकाबाई रस्त्यात भेटल्या आणि फक्त हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही.

तुझी विनंती वाचली. गब्दुल सुरू झाला की थांबू या, असं तू म्हणतेस. तो सुरू झालेला नाही, तेव्हा मी बेलाशक लिहू शकते. जेवणाची हेळसांड करतेस का, ते तू लिहिलं नाहीस. करत असणार. तुम्हा दोघांचं का पटलं नाही हे मी कधी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. दोन्ही माणसं चांगली असून घरात महिनोन् महिने शब्द निघत नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण शेडमध्ये तू आणि मी असलो की आपली टकळी बंद व्हायची नाही, हेही खरं आहे. त्याचं काय करायचं ते कोणत्याच वकिलाने सांगितलेलं नाही.

उत्तराची वाट बघते. लोभाची काळजी तू करू नकोस, तो इकडे भरपूर आहे.

आई

*

दि. २० फेब्रुवारी

ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आई, इथेही तेच चाललंय.

तुम्हाला काळजी नको म्हणून लिहिलं नव्हतं. मी बसवलेले पॉइंट पेटतच नाहीत. एखादं यंत्र चुकून सुरू होतं, बाकीची मुकी. कंडेन्सर बदलून पाहिले, वायरी बदलल्या, मापं दहा वेळा घेतली. मापात चूक नाही. मालक चांगले आहेत, ओरडत नाहीत, पण काल त्यांनी विचारलं की आधी हे काम खरंच केलं होतं का. मी हो म्हणाले, आणि माझाच आवाज मला खोटा वाटला. महिना संपत आला. बाकावर यंत्रं ओळीने उभी आहेत आणि जेवायच्या सुट्टीतही मी त्यांच्याकडे पाठ करून बसते.

गब्दुलचे पॉइंट मी किती वेळा बदलले असतील! दर वेळी पहिल्या फटक्यात सुरू व्हायचा. मी हे पुस्तकातली चित्रं बघून शिकले, कोणी गुरू नव्हता, पण हात कधी खोटा पडला नाही. मग तिथे मी असं काय करत होते जे आता माझ्या हातून सुटतंय?

तुम्ही त्या पालथ्या बादलीवर विजेरी धरून बसलेल्या असायचात. दर वेळी. मी काय काय करायचे ते आठवून लिहाल का? क्षुल्लक वाटलं तरी लिहा. मी कामात असते, तेव्हा मला माझं काहीच दिसत नाही.

उपकार होतील असं लिहिलं तर तुम्ही रागवाल, म्हणून लिहीत नाही.

आपली,
सून

*

दि. २४ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

आधी कामाचं. एक कोरा कागद घे, घडी घाल, आणि माप घेऊन झाल्यावर त्या दोन टिकल्यांच्या मधून ओढून काढ. कागदावर तेलाचा डाग येईल. डाग यायचा थांबेपर्यंत ओढ. मग झाकण लाव.

आता हे कसं सापडलं ते ऐक. काल दुपारी बादलीवर जाऊन बसले. तू मापं घेतेस, तोंडाने पुटपुटतेस, केस पाठीमागे टाकून कपाळ काळं करतेस, सगळं दिसलं. तुझं काही चुकत नव्हतं. मग तू हात धुवायला नळावर गेलीस, आणि झाकण लावायचं काम उरलं ते माझं. आठवलं? ते कायम माझंच होतं. आणि कसल्याही मळक्यावर झाकण घालणं मला या जन्मात जमलेलं नाही, मग ते पातेलं असो की इंजिन. बियांच्या पाकिटाचा कागद फाडायचा, टिकल्यांमधून दोनदा ओढायचा आणि मग झाकण ठेवायचं. दर वेळी. तुला सांगितलं नाही, कारण माझ्या पुसापुशीची तू आधीच इतकी टर उडवायचीस की त्यात आणखी भर कशाला?

या खेपेला पुसलं नाही. तुझ्या पत्रात नव्हतं, आणि मोजून ठेवलेल्याला हात लावला तर तू ओरडशील असं वाटलं. घरात राहत होतीस तेव्हा मी तुला कधी भ्यायले नाही, पत्रात मात्र भ्यायले.

काल पुसलं. गब्दुल एकदा खोकला आणि धडधडायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे असं सांगणार होते, पण विचारायला तिथे कोणी नव्हतं.

खरं सांगू? तो सुरू झाल्याचं मला तुला कळवायचं नव्हतं. तुझी अट माझ्या पक्की लक्षात आहे. महिनाभर तरी तो बंदच आहे असं रेटून लिहिणार होते. पण तुझी नोकरी जाते आहे आणि मी इथे पत्रांसाठी खोटं बोलत बसू, एवढी मी आपमतलबी नाही. हे तातडीच्या टपालाने पाठवते.

काय झालं ते कळव. शेवटचं कळवणं असलं तरी कळव.

आई

*

दि. २८ फेब्रुवारी

ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

सगळी सुरू झाली. ओळीने. मालक बाहेरून धावत आले, त्यांना वाटलं काहीतरी पेटलं. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले की पहिल्या तारखेपासून रजिस्टरात नाव घालू या. खोलीसुद्धा राहिली. टायरांच्या ढिगासकट.

तुम्ही सांगितलंत आणि डोक्यात उजेड पडला. पात गंजू नये म्हणून तिला तेल लावतात, नव्या पॉइंटांनाही कारखान्यातून तेलाचा हात असतो. माप घेताना ते टिकल्यांना लागतं, आणि तेलातून करंट जात नाही. इतकी साधी गोष्ट! पुस्तकात असणारच, मी ते पान वाचलंच नसेल, कारण मला त्याची गरजच कधी पडली नाही. इतकी वर्षं मी समजत होते की मला पॉइंट बसवता येतात. मला निम्मे येत होते आई, आणि उरलेले निम्मे तुम्हाला येतात हे आपल्या दोघींनाही ठाऊक नव्हतं. बाकावर डोकं ठेवून मी मनसोक्त रडले. मालकांनी न बघितल्यासारखं केलं.

म्हणून आता जे लिहायचं ते फार जड जातंय. अट मी घातली होती, ती मीच पाळते. पंधरा तारखेला कोर्टात सही होईल. त्यानंतर तुम्ही माझ्या कोण, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तुमच्याकडेही नसेल. तुमच्या मुलाचं पुढे चांगलं व्हावं असं मला मनापासून वाटतं. त्याच्या वाटेत मी पाकिटातून रोज येऊन बसू नये. तुम्ही माझ्यासाठी तुमची पत्रं पणाला लावलीत, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

कुंड्या उचलू नका, गब्दुलला ओढू द्या. तब्येतीला जपा. चुकलं माकलं पोटात घाला.

आपली

*

दि. ५ मार्च

चि. सूनबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं शेवटचं पत्र मिळालं. ते शेवटचं, असं तू परस्पर ठरवलंस. मला विचारलं नाहीस, म्हणून ते मला लागू नाही.

मैदानाचं गवत कापून झालं. मुख्याध्यापिकाबाई पुन्हा हसल्या, या वेळचं हसणं बरं होतं. म्हणजे तुला लिहायला कामाचं आता काहीही कारण उरलेलं नाही, आणि तरी मी लिहिते आहे, हे नीट ध्यानात घे.

काल जेवताना चिरंजीवांपुढे तुझा विषय काढला. म्हटलं एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे. त्याला सांगितलं की सूनबाईची आणि माझी पत्रं चालू आहेत. तुम्ही दोघांनी जे सोडलंत ते तुमचं, मी त्यात तोंड घातलं नाही आणि घालणार नाही. पण मी काही सोडलेलं नाही. उद्या दुसरी कोणी या घरात आली तर पहिल्या दिवशी तिला समोर बसवून सांगेन, की माझी एक मुलगी गॅरेजात काम करते आणि तिची पत्रं येतात. तिला मी काही कमी करणार नाही, पण हेही थांबवणार नाही.

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला की त्याला माहीत आहे. पहिल्या पत्रापासून माहीत आहे. दाराच्या पेटीतून पाकिटं काढून माझ्या शिवणाच्या डब्यावर कोण ठेवत होतं असं मला वाटलं, असं त्याने उलट विचारलं. आणि मी खुळी, मला तो प्रश्नच कधी पडला नव्हता! पोस्टमन थोडाच आत येऊन शिवणाच्या डब्यावर ठेवणार?

मग हात धुऊन आल्यावर त्याने विचारलं, ती राहिली का कामावर. राहिली म्हटलं. बरं झालं, म्हणाला. त्याचं बोलणं तुला ठाऊकच आहे. तेवढंच असतं, पण या वेळी ते मनापासून होतं, हे मी त्याची आई म्हणून सांगते. तुमचं पुन्हा जुळेल असल्या वेड्या आशेवर मी नाही, तूही राहू नकोस. ते संपलं. हे संपलेलं नाही.

कोणी विचारलं मी तुझी कोण, तर आई म्हणून सांग. त्याला कोर्टाची सही लागत नाही.

आता आवरतं घेते, कारण आपले चिरंजीव चपला घालून दारात उभे आहेत. टपालपेटी उघडायच्या आत पत्र पडायला हवं म्हणून घाई करतात. पाकिटावरचा पत्ता त्यांनीच घातलाय. अक्षर बघून दचकू नकोस.

लोभ कमी करायची भाषा पुन्हा करू नये, ही ताकीद.

तुझी,
आई