प्रस्तावित व्यक्ती

सोमवार, ४ मार्च
मॅडमनी बैठकीत जाहीर केलं. शाश्वत विकासाची जागतिक उद्दिष्टं परिषदेत मंचावरून मांडायची आहेत. दहा मिनिटं. आपल्या विभागातला एकच माणूस बोलेल. कोण, ते ठरायचंय. मी खाली मान घालून पेनाला टोपण लावत बसलो. उगाच उतावळेपणा नको. उद्दिष्टांचा मसुदा माझा. एकेका स्वल्पविरामासाठी देशोदेशीच्या लोकांशी वाद घातलाय. दुसरं कोण बोलणार?
घरी फक्त बायकोला सांगितलं. कन्येने ऐकलं.

मंगळवार, ५ मार्च
कन्येने शाळेत सांगून टाकलं. आता तिच्या बाई परिषद वर्गातल्या पडद्यावर थेट दाखवणार म्हणे. कन्येला रागावलो. अजून काही ठरलेलं नाही, असं बोलू नये. मग विचारलं, बाई नेमकं काय म्हणाल्या? दोनदा सांगायला लावलं.

बुधवार, ६ मार्च
विभागात नवा चित्रकार आलाय. मी मनातल्या मनात त्याला चौकोनराव म्हणतो. त्याने माझ्या प्रत्येक उद्दिष्टाचा एक चौकोन केलाय. एक चित्र, खाली तीन शब्द. पाण्याच्या उद्दिष्टाला माझं साडेतीन ओळींचं वाक्य होतं. 'उपलब्धता, समन्यायी वाटप आणि व्यवस्थापन' त्यात बसवता बसवता वर्ष गेलं. ह्याने निळा थेंब काढला आणि लिहिलं, 'सगळ्यांना स्वच्छ पाणी'. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या की काय, असं नंतर वाटलं.
स्वतःला प्रामाणिकपणे तपासलं. मला मत्सर वाटतो का? नाही. काळजी वाटते. समन्यायी वाटपाची.

शुक्रवार, ८ मार्च
बायकोवर चाचणी घेतली. कोणाचं कुठलं, ते सांगितलं नाही. ती गॅसपाशी उभी होती. मी माझं वाक्य वाचून दाखवलं. अर्ध्यावर दूध उतू गेलं. अहो, तुमचं वाक्य संपायच्या आत दूध संपलं, म्हणाली. कोणाचं ते तिला कसं कळलं? मग थेंब बघितला आणि म्हणाली, हे कळलं हो.
चाचणीची परिस्थिती योग्य नव्हती. निकाल ग्राह्य धरत नाही.
संध्याकाळी पाहतो तर फ्रिजवर सगळे चौकोन चिकटलेले. चौकोनरावाने ऑफिसात सगळ्यांच्या मुलांसाठी वाटले होते. म्हणजे आले ते माझ्याच बॅगेतून.

सोमवार, ११ मार्च
चौकोनराव सायकलने येतो. मॅडम म्हणाल्या, उद्दिष्टं नुसती लिहून काय होतंय, जगायला हवीत. मला उद्देशून म्हणाल्या असं नाही. पण खोलीत मी एकटाच होतो.
संकल्प: उद्यापासून सायकल. लिफ्ट बंद. मोरीतला गळका नळ या आठवड्यात दुरुस्त.

मंगळवार, १२ मार्च
मेव्हण्याची सायकल आणली. पहिल्याच चढाला दम लागला. टॅक्सी केली, सायकल डिकीत घातली. ऑफिसच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरलो आणि तिथून सायकलवर आलो. यात फसवणूक नाही. शेवटचा टप्पा खरोखरच सायकलने केला. फाटकात चौकोनराव भेटला. काका, मागच्या चाकात हवाच नाही की, म्हणाला.
काका! हवेचं ठीक आहे. पण काका?

बुधवार, १३ मार्च
आमच्याकडे मौनाचा नियम आहे. प्रस्ताव सगळ्यांना ईमेलने पाठवायचा. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही की तो मंजूर. एकानेही घेतली की बाद, मग मॅडम म्हणतील ते. आज चौकोनरावाचा प्रस्ताव आला. विषय: मंचावर कोणी बोलावं. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. नाव आणि कारणं सोबतच्या फाइलमध्ये.
फाइल उघडली नाही. स्वतःचंच नाव सुचवणाऱ्याची कारणं काय वाचायची? माणसाला थोडी तरी लाज असावी.
हरकत घेणार. पण आकसाने नाही.

शुक्रवार, १५ मार्च, दुपारी ४.५०
पाठवली. सगळ्यांना. नाव घेतलं नाही, सभ्यता म्हणून सगळीकडे 'प्रस्तावित व्यक्ती' लिहिलं. 'प्रस्तावित व्यक्तीला स्वतःच्या कामाचं नको तितकं कौतुक आहे. दुसऱ्याचं काम तिला दिसत नाही. जगापुढे उभं राहण्याची परिपक्वता तिच्यात अजून आलेली नाही.' आधी 'लायकी' लिहिलं होतं, ते खोडून 'परिपक्वता' केलं. आपण न्यायाने वागलो, याचं समाधान वेगळंच असतं.

सोमवार, १८ मार्च
मॅडमनी माझी हरकत सर्वांसमोर वाचली. स्वतःबद्दल इतकं खरं लिहिणारा माणूस मी पाहिला नाही, म्हणाल्या. टाळ्या झाल्या. मला काही कळेना. जागेवर येऊन फाइल उघडली.
नाव माझं होतं. कारणं: 'हे शब्द ज्यांचे, त्यांनीच ते बोलावेत. माझी चित्रं त्यांच्या वाक्यांतून आली. पाण्याचं वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं, तेव्हा कुठे थेंब सुचला.'
बंद केली.
हरकत मागे घ्यावी? मग ती कोणाबद्दल होती, हे सांगावं लागेल. तेवढ्यात चौकोनराव आला. काका, तुम्ही स्वतःला फारच लावून बोलता हो, म्हणाला.
मॅडमचा निर्णय: चौकोनराव बोलेल. बाकीच्यांनी एकेक चौकोन धरून मागे उभं राहायचं. मला थेंब. मानाचा म्हणून.
शांतपणे विचार केल्यावर वाटतं, मी मुळात विनम्रच असलो पाहिजे. नाहीतर इतकं मनापासून लिहिता आलं असतं का?

बुधवार, २० मार्च
कन्येला सांगितलं, बाबा मंचावर असणार. हे खरं आहे. तिने विचारलं, बोलणार ना? मी म्हटलं, सहभागाचे अनेक प्रकार असतात. ती मैत्रिणीला फोन करायला पळाली.
नळ राहिलाय. सायकल मेव्हण्याला परत.

गुरुवार, २८ मार्च
परिषद झाली. चौकोनरावाने सात मिनिटांत आटोपलं. मी असतो तर दहाही पुरली नसती. शेवटी म्हणाला, यातला शब्दन् शब्द माझ्या मागे उभ्या असलेल्या या गृहस्थांचा आहे, आणि माझ्याकडे हात केला. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. कॅमेरा माझ्यावर. मी चौकोन उंच धरला. बराच वेळ धरला.
घरी आलो तर कन्या बोलेना. बायको तोंडावर हात धरून आत गेली. खोदून विचारल्यावर कन्या म्हणाली, बाबा, तू थेंब उलटा धरला होतास. सगळ्या वर्गाला तो फुगा वाटला. बाई म्हणाल्या, हे बहुतेक आनंदाचं उद्दिष्ट असेल.
मी समजावलं, नुसत्या चित्रावर विसंबलं की हेच होणार. माझं साडेतीन ओळींचं वाक्य कोणाला उलटं धरता आलं असतं का?
ती म्हणाली, ते सुलटं तरी कोणाला धरता येतं?
जेवणानंतर फ्रिजवरचा थेंब काढून उलटा लावून पाहिला. फुगाच. पुन्हा सरळ लावला.
नळ गळतोय.