गोलपोस्टमागचा कोच

१ मे २००६
ड्राफ्ट, म्हणजे टीम्सनी नवे खेळाडू निवडायचा सोहळा, संपला. दोन दिवस टीव्हीसमोर बसलो, आमच्या ऋषीचं नाव कुणी घेतलं नाही. पण संध्याकाळी एका टीमचा फोन आला. कॅम्पला ये, बघू. अमेरिकन फुटबॉलमधला किकर म्हणजे बाकीचे एकमेकांवर आदळून झाले की हा येतो, दोन खांबांमधून बॉल मारतो आणि परत बाकावर बसतो. कामाचे तास बघता सरकारी नोकरीच. शुभाला मुलगा फार्मसीत हवा होता. मी मात्र शाळेपासून त्याच्या पाठीशी आहे. म्हणजे गोलपोस्टच्या पाठीशी.
संकल्प: आता तो प्रोफेशनल. ढवळाढवळ बंद. फक्त मार्गदर्शन.

११ जून
हायस्कूलच्या ग्राउंडवर प्रॅक्टिस. डावा पाय बॉलच्या जरा मागेच पडतोय, हे खांबांमागून कळवलं. ऋषी म्हणाला, बाबा, प्लीज, मी किक मारताना बोलू नका. मी बोलत नव्हतोच. सुचवत होतो. घरात मेकॅनिकल इंजिनिअर असून पोरगं त्याचा फायदा घेत नाही.

६ ऑगस्ट
कॅम्प. जागा एक, किकर दोन. दुसरा अडतीस वर्षांचा, टक्कल पडलेला. या वयात माणसाने दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये.
शाळेत त्याच्या प्रत्येक टीचरला भेटायचो, फायदाच झाला. म्हणून आज कोचला भेटून आलो. शुभाचे बेसनलाडू नेले. मी ऋषीचा फादर, मुलगा सिन्सियर आहे, जरा धाकात ठेवा, असं सांगितलं. कोचने उभ्या उभ्या एक लाडू खाल्ला. शुभ लक्षण.

९ ऑगस्ट
ऋषी फोन उचलत नाही. तिथे रेंज नसावी. शुभाशी रोज बोलतो म्हणे. तिचा फोन वेगळ्या कंपनीचा आहे.

२ सप्टेंबर
कट केलं. टकल्याला ठेवलं. लाडवांचा काही संबंध नाही.
ऋषी घरी आला तो सरळ बेसमेंटमध्ये गेला. जेवायलाही वर आला नाही. दाराबाहेर उभा राहून, किकनंतर पाय किती वर जायला हवा ते समजावलं. त्याने आतून म्युझिक मोठं केलं.

१२ नोव्हेंबर
दुसऱ्या एका टीमच्या किकरची मांडी आखडली. ऋषीला बोलावलं, सीझन संपेपर्यंत. आज पहिली मॅच. मी खांबांमागच्या स्टँडमध्ये पिवळा रेनकोट घालून उभा, म्हणजे त्याला लांबून दिसावं. दोन्ही हातांनी वाऱ्याची दिशा दाखवत होतो. दोन्ही किक हुकल्या. वारा फसवा होता.

२६ नोव्हेंबर
इथल्या मराठी मंडळाची मीटिंग, मॅचला जाता आलं नाही. सगळ्या किक आत. मी असताना एकही नाही, नसताना सगळ्या, हे शुभाने मुद्दाम बोलून दाखवलं. मी शिकलो मेकॅनिकल, पण नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. एवढ्याशा डेटावरून आम्ही निष्कर्ष काढत नाही.

३१ डिसेंबर
शेवटची मॅच, आमच्याच न्यू जर्सीत. आज चुकला तर पुढच्या वर्षी टीमबाहेर. ऋषीने एकच तिकीट पाठवलं, तेही शुभाच्या नावाचं. टीमच्या ऑफिसवाल्यांची चूक. फोन करून विचारलं नाही, सुट्टीच्या दिवसांत कशाला त्रास.
शुभाला गेटवर सोडून पार्किंगमध्ये रेडिओ लावून बसलो. शेवटचे तीन सेकंद, टीम दोन पॉइंटांनी मागे, सत्तेचाळीस यार्डांची किक, आत गेली तर तीन पॉइंट. फार भीती वाटली. चुकला तर पोरगं परत बेसमेंटमध्ये जाऊन बसणार, आणि मला पाय किती वर जावा याशिवाय त्याच्याशी दुसरं काही बोलता येत नाही. मी एक शब्द काढला नाही. गाडीत एकटा होतो तरी.
आत गेली.

१ जानेवारी २००७
टीमने पुढच्या वर्षासाठी ठेवून घेतलं. टीव्हीवर मुलाखत. एवढी माणसं ओरडत असताना शांत कसा राहतोस, असं त्या बाईने विचारलं. ऋषी म्हणाला, माझे बाबा दहा वर्षं गोलपोस्टमागे उभे राहून ओरडत होते. त्यानंतर स्टेडियम म्हणजे लायब्ररीच. बाई हसली. शुभा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.
मला वाईट वाटलं. शुभाला विचारलं, मी ओरडतो? आजवर कधी ओरडलोय?
ती तोंड उघडायच्या आत टाउनहाउसच्या भिंतीपलीकडून शेजारच्या दिगंबररावांचा आवाज आला. हो म्हणाले.