तू कशानं गेलीस

आई, परवा कराडच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्या आई कशानं गेल्या?" आणि पन्नाशी ओलांडलेली मी गृहपाठ विसरलेल्या पोरीसारखी पदराशी चाळा करत बसले. अशक्तपणानं गेली, एवढंच आम्हांला सांगितलं होतं. नुसत्या अशक्तपणानं कुणी जातं का गं?

मी एसटीत कंडक्टर झाले, हे तुला ठाऊकच नाही. पाळी थांबल्यापासून तिकीट देता देता अंगातून जाळ निघतो, ब्लाऊज भिजतो, झोप नाही, आणि उगाच म्हाताऱ्याकोताऱ्यांवर डाफरते. ऐन थंडीत मी खिडकी उघडते तेव्हा प्रवासी मफलर आवळत माझ्याकडं बघतात. हार्मोनच्या गोळ्यांनी हे थांबतं असं ऐकलं, म्हणून त्या मागायला गेले होते. बाई म्हणाल्या, थांबतं, पण या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, आणि सख्ख्या आईला तो झाला असेल तर जास्तच विचार करावा लागतो. घरी विचारून या म्हणाल्या. घरी आता विचारायला आहे कोण?

तुझं ते शेवटचं वर्ष आठवतं. मी नववीत आहे. तू चुलीपुढं भाकरी थापतेयस. मी मागनं येऊन तुला मिठी मारते आणि तू कोपरानं मला ढकलतेस. "घोडी झालीस, अंगाला झोंबू नगंस." मीही मानी, तुझ्यावरच गेलेली. त्यानंतर तुझ्याजवळ म्हणून आले नाही.

वडूजच्या गाडीवर ड्यूटी लागली तेव्हा स्टँडमागं राहणाऱ्या धाकट्या काकीकडं गेले. तुला शेवटची आंघोळ तिनं घातली होती. आम्हां दोघी बहिणींना तेव्हा शेजारच्या घरात नेऊन बसवलं होतं. काकी आता पार वाकलीय. आधी म्हणाली, "कवाचं उकरून काढतीस? च्या घे." मग मी गोळ्यांचं सांगितलं, तेव्हा तिनं कप खाली ठेवला.

"डाव्या छातीला गाठ हुती गं. फुटलेली. आंघोळ घालाया पदर काढला तवा कळलं मला. लय सोसलं आसंल तिनं."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"तुमी दोगी बिनलग्नाच्या. आईला आसलं हुतं म्हनल्यावर कुनी करून घेतलं आसतं तुमाला? तिनं झाकलं, मग मीबी झाकलं."

म्हणजे त्या दिवशी तुला दुखत होतं. मी मात्र जन्मभर धरून बसले, की आईला मी नकोशी झाले. आता तुला मिठी मारावीशी वाटते, उजव्या बाजूनं, जपून. इतकी आठवण तर तू गेलीस तेव्हाही आली नव्हती.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. आईला होता म्हणून तुम्हाला होईलच असं नाही, पण तूर्त त्या गोळ्या नकोत, घामावर दुसरं औषध देऊ, आणि आधी मॅमोग्राफी करून घ्या म्हणाल्या. ती सांगलीला करायची आहे. मला भीती वाटते. लेकीला तुझं नि माझं सगळं सांगून टाकलंय, तिचं लग्न व्हायचंय तरी.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. बाईंना हो की नाही एवढंच हवं होतं, आणि ते काकीनं केव्हाच सांगितलं होतं. तरी मी उठले नाही. पाणी कोमट होतं का, केस कुणी विंचरले, पाठ कुणी चोळली, विचारतच बसले. तुला शेवटचे लागलेले तिचे हात माझ्या गालांना लावून घेतले आणि सोडवेनात. गाडी उशिरा सुटली. डेपोत मी चाक पंक्चर झालं म्हणून सांगितलं.